"सोड रे" म्हणायचं ठरलं होतं

कम्युनिटीतल्या बडोदेकरांनो, आज दुपारी जे झालं ते सांगतो.

प्रतापनगरच्या एका रिकाम्या क्वार्टरमध्ये आमच्या शॉर्टफिल्मचं शूटिंग होतं. दोन जिवलग मित्र उपाशी अडकतात आणि शेवटी मी दुसऱ्याचा, म्हणजे माझा खराखुरा मित्र निलेशचा, गळा दाबतो. संवाद गुजराती. एरवी आम्ही दोघं मराठीतच बोलतो, म्हणून ठरवलं होतं की खरंच दुखलं तर मराठीत सांगायचं.

तो आधी "छोडी दे, यार" म्हणाला. ते स्क्रिप्टमध्येच होतं. मग म्हणाला, "सोड रे, श्वास अडकतोय."

मला स्वच्छ ऐकू आलं. तरी मी आणखी दाबलं. हँडीकॅमवाल्याने मला मागे खेचलं.

निघताना निलेश हसून म्हणाला, "काले तारो वारो." उद्या तुझी पाळी.

इतक्या वर्षांत स्क्रिप्टबाहेर पहिल्यांदाच तो माझ्याशी गुजरातीत बोलला. उद्या शूटिंगला जाऊ का?