मोतीराम मास्तर आणि मैनेचे गोचीड

सकाळचं कोवळं ऊन मखमलाबाद रस्त्यालगतच्या त्या गल्लीत उतरलेलं आहे. डावीकडे साधनावहिनींची पिठाची गिरणी, पट्टा अजून थांबलेला. उजवीकडे कडुनिंबाखालचा सिमेंटचा ओटा. ओट्यावर एक जुनं बसकर, शेजारी साबणाच्या पाण्याचा वाडगा आणि खोबरेल तेलाची बाटली. एवढी मांडामांड झाली, की पांढऱ्या स्वच्छ पायजम्यात मोतीराम मास्तर प्रवेश करतात. ते नीट टेकायच्या आत गल्लीतली कुत्री पुढच्या जागा धरून बसतात, जणू तिकिटं काढून आलेली.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. गल्लीतल्या तीन पिढ्यांची पोलकी त्यांनी शिवली. शिलाईचं दुकान बंद केलं आणि हातातला चिमटा कुत्र्यांच्या सेवेला लावला. काम मोठं देखणं करायचे. केस बाजूला सारायचे, कातडीलगत गोचीड धरायचा, पीळ न देता सरळ ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा. जागेवर तेलाचं बोट. कानाच्या घड्या, पायाची बोटं, पट्ट्याखालची मान, काही सुटत नसे. बायका पाण्याला जाता जाता म्हणायच्या, "मास्तर, पोरांच्या उवासुद्धा आता तुमच्याकडेच पाठवतो." मास्तर मान वर न करता म्हणायचे, "पाठवा की. फक्त चावायचं नाही म्हणावं."

पण मास्तरांच्या डोळ्यांवर ढग येऊ लागले होते. आधी सुईचं नाक दिसेनासं झालं. तेव्हा त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून दुकान मिटलं, आणि लोकांनी गुडघ्यांना तेलं सुचवली. डोळे दाखवायला ते गेले नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर नजरेवर भाकरी खाल्ली, त्याला नजर गेली हे कुणाच्या तोंडून ऐकणं नको होतं. ओट्यावरची ही सकाळ तेवढी उरली होती. ती गेली, तर गल्लीत आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर साधनावहिनींची मैना कान फडफडवून हैराण झाली. मैना म्हणजे गिरणीच्या दारात पिठानं पांढरी होऊन पडणारी तपकिरी कुत्री. नवरा गेल्यापासून वहिनींच्या घरात आवाज होता तो तिचाच. मास्तर रोज तिला मांडीवर घेत होते, तरी कानात गोचीड लोंबतच होते. वहिनी सहज म्हणाल्या, की दवाखान्यात मानेवर टाकायचे थेंब मिळतात, आणून बघते. मास्तरांना ते लागलं. आपण असताना दवाखाना कशाला, असं म्हणून त्यांनी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

त्याच दिवशी ते दिंडोरीकडे भाच्याच्या, गोरक्षच्या, द्राक्षबागेत गेले. फवारणी नुकतीच झाली होती. वेलींवरची कीड वाळून खाली पडते, असं गोरक्ष म्हणाला आणि मास्तरांना वाट सापडली. इथं डोळा लावायला नको, की चिमटा नको. पंपाच्या तळाशी उरलेलं औषध त्यांनी बाटलीत भरून घेतलं. विचारलंच कुणी, तर दारातल्या जास्वंदीला मारायचं आहे, असं सांगायचं ठरवलं. कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांनी फडक्यानं मैनेचं अंग चोळलं, पोटापासून कानापर्यंत. वास कसला, असं वहिनींनी विचारलं, तेव्हा कडुनिंबाचा काढा म्हणून सांगितलं.

दुपारी मैनेच्या तोंडातून लाळ गळू लागली. पाय लटपटले. वहिनींनी गिरणी तशीच टाकली, रिक्षा केली आणि मास्तरांनाही बरोबर घेतलं, कारण अशा वेळी धीराचं माणूस म्हणून त्यांना मास्तरच आठवले.

जनावरांच्या डॉक्टरांनी टेबलावर तिला तपासलं आणि अंगाला काही लावलंय का, असं विचारलं. मास्तरांनी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "कडुनिंबाचा काढा फक्त. आमच्या मास्तरांनी लावलाय, त्यात काही वावगं नसणार."

डॉक्टर गोंधळले. कडुनिंबानं असं होत नाही म्हणाले. मग उंदराचं औषध कुठं ठेवलं होतं का, शिळं काही खाल्लं का, असं विचारत बसले. वहिनी आठवून आठवून सांगत होत्या. टेबलावर मैनेचं अंग झटके देत होतं. दाराशी उभ्या मास्तरांना त्या एका वाक्यानं जखडून टाकलं होतं. आमच्या मास्तरांनी. आता खरं बोलावं तर ते मास्तर संपले, आणि गप्प राहावं तर मैना.

"काढा नाही डॉक्टर," ते म्हणाले. "द्राक्षबागेतलं फवारणीचं औषध आहे. मीच चोळलं."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी औषधाचं नाव विचारलं. ते मास्तरांना माहीत नव्हतं. गोरक्षला फोन लावायचा, तर पडद्यावरचं नाव सापडेना. बोटं उगाच वर-खाली फिरत राहिली. वहिनींनी फोन हातातून घेतला आणि लावला. पलीकडून गोरक्ष मामाला जे काही बोलला, ते खोलीभर ऐकू गेलं. नाव मात्र कळलं.

मग इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं मैनेला पुन्हापुन्हा धुतलं. संध्याकाळपर्यंत झटके थांबले आणि तिनं मान उचलून थोडं पाणी चाटलं. धोका टळला, पण रात्रभर इथंच राहू दे, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. मास्तरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. वहिनींनी हलक्या आवाजात विचारलं, की हातानं इतकं छान काढत होतात, मग हे कशाला केलंत?

गुडघ्यांचं कारण ओठांपर्यंत आलं होतं. मास्तरांनी ते गिळलं. समोरच्या भिंतीकडे बघत ते म्हणाले,

"वहिनी, पावसाळ्यापासून मला गोचीड दिसतच नाहीत. मी रोज तुमच्या मैनेवरून नुसता हात फिरवत होतो."