पुट डाउन म्हणालं कोण?

आमच्या थिएटरात नवा नट आला की जुनी मंडळी त्याला आधी हेटी ब्रेसवेलच्या पुढ्यात नेऊन उभा करत. हेटी आमचा कपडेपट सांभाळायची. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढायची, गड्याला नखशिखांत न्याहाळायची आणि विचारायची, "हा राजपुत्र? या काटक्यांवर? तुमानीत कापूस भरावा लागेल, बाबा. दोन उशांचा." गडी लालबुंद व्हायचा, आम्ही पोट धरून हसायचो, आणि संध्याकाळपर्यंत त्या तुमानीत खरंच कापूस भरलेला असायचा, इतका बेमालूम की त्याच्या आईलाही कळू नये.

अशा पाणउताऱ्याला आम्ही इंग्रज 'पुट डाउन' म्हणतो. शब्दशः, खाली ठेवणं. हातातली किटली खाली ठेवली, ते पुट डाउन. टेलिफोन ठेवला, ते पुट डाउन. कोणाचं नाव यादीत टिपून घेतलं, तेही पुट डाउन. एवढ्याशा शब्दाच्या पोटात इतकं काही मावतं, याचा विचार मी त्या डिसेंबरपर्यंत कधीच केला नव्हता.

साल एकसष्ट. गाव मोरकम, लँकशरच्या किनाऱ्यावरचं. नाताळच्या नाटकाच्या तालमी चालल्या होत्या, आणि दरवर्षीप्रमाणे नाटकातली म्हातारी मी होतो. पंचवीस वर्षं मी घागरा घालून पोट भरलं. हसू नका, लोक माझ्यासाठी बर्मिंगहॅमहून यायचे.

हेटीला नवरा नव्हता, मूल नव्हतं. होता तो मस्टर्ड. पिवळट रंगाचा, वाकड्या पायांचा, कुठल्याच जातीचा नसलेला कुत्रा. तो तिच्या शिवणयंत्राखाली झोपायचा आणि यंत्र थांबलं की जागा व्हायचा. एकतीस वर्षं ही बाई पडद्यामागे होती, एकदाही प्रेक्षकांसमोर गेली नव्हती. पण त्या वर्षी नाटकात मेंढपाळणीला कुत्रा हवा होता, आणि हेटीनं मस्टर्डचं घोडं पुढे दामटलं. आमचे मॅनेजर एन्टविसल म्हणाले, "बघतो. बुधवारी दुपारी छापखान्याकडे नावं जायची आहेत. त्याआधी सांगतो."

बुधवारी सकाळी हेटीनं मस्टर्डला जनावरांच्या डॉक्टरकडे सोडलं. दाढ किडली होती, उपटायची होती. "रंगमंचावर तोंडाला वास नको," ती म्हणाली. "तुझा आहे तेवढा पुरे, डेस्मंड."

आता आमच्याकडची पद्धत सांगतो. अख्ख्या थिएटरात फोन एकच, मागच्या दाराशी. तिथे सिरिल बसायचा. सोन्यासारखा माणूस. लढाईत एक कान गेलेला, गुडघेही अधू. जिने चढणं त्याला जमायचं नाही, म्हणून फोनवरचे निरोप असोत की मॅनेजरचे, तो जिन्याखाली उभा राहून ओरडायचा, आणि आम्ही वरून ओरडून उत्तर द्यायचो. तीन मजल्यांचा कारभार असा आरोळ्यांवर चालला होता.

सव्वाअकराला हेटी माझ्या पाठीशी होती. घागऱ्याची कंबर आवळत होती, तोंडात डझनभर टाचण्या. खालून हाक आली.

"हेटीऽ! मस्टर्डचं विचारतायत! पुट डाउन करायचं ना?"

हेटीचा चेहरा मला आरशात दिसला. साठीची बाई, पण सोळा वर्षांच्या पोरीसारखी उजळली. तोंडातल्या टाचण्यांमुळे तिला बोलता येईना. नुसती मान हलवली, आणि मला कोपरानं ढोसलं.

मी माझ्या कमावलेल्या आवाजात, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडलो, "होऽ! पुट डाउन! ताबडतोब!"

"बरं," खालून सिरिलचा आवाज आला. जरा हळूच आला, हे मला नंतर आठवलं.

त्यानंतर अर्धा तास ती बाई गात होती. बेसूर. मस्टर्डच्या गळ्यात लाल फीत बांधावी की हिरवी, यावर आमचं भांडणही झालं.

मग दार वाजलं. एन्टविसलसाहेब कागद घेऊन उभे. "हेटी, ठरलं. तुमचं ध्यान घेतलं नाटकात. छापायचं काय? मस्टर्ड की मस्टर्ड ब्रेसवेल?"

"मघाशीच तर विचारलंत ना, साहेब?" मी म्हणालो.

"मी? मी तर आत्ता येतोय ऑफिसातून."

हेटीच्या हातातली कात्री जमिनीवर पडली. तीन मजले ती कशी उतरली देव जाणे. मी मागे, घागरा उचलून.

"सिरिल, फोन कुणाचा होता?"

"डॉक्टरकडचा गं." सिरिल उठून उभा राहिला. त्याचे डोळे आधीच लाल होते. "मला वाटलं तुला माहीत आहे. तिथल्या फोनवरच्या बाई म्हणाल्या, पोटात काही सापडलंय, पुट डाउन करायचं का. मला तेवढंच ऐकू आलं. मी... मला वाटलं, तू ठरवूनच नेलंयस त्याला."

आम्ही इंग्रज मरणाचं नाव घ्यायला लाजतो. जनावराला मारलं असं कधी म्हणत नाही. झोपवलं म्हणतो, सोडवलं म्हणतो, हाल संपवले म्हणतो, आणि घाईत असलो की पुट डाउन. खाली ठेवलं, जशी किटली ठेवावी. त्या बाईनं यातला दुसरा कुठलाही शब्द वापरला असता, तर मी ओरडलो नसतो.

समुद्राकाठच्या रस्त्यानं आम्ही धावलो. ती पुढे, आणि मागे मी, खोटी छाती, लाल गाल, तिरका टोप. लोकांना वाटलं नाटकाची जाहिरात आहे. बाकावरचे म्हातारे टाळ्या वाजवत होते. एक जण ओरडला, "धर, धर तिला, म्हातारे!"

डॉक्टर दारातच भेटले. तरुण होते, हात नुकतेच धुतलेले. माझ्याकडे पाहून दचकले, पण हसले नाहीत.

"भुलीत असताना पोट चाचपलं, मोठी गाठ लागली," ते हेटीला म्हणाले. "महिनाभर काढला असता, तोही कळा सोसत. जागं करून पुन्हा भूल देण्यापेक्षा, म्हणून फोन करायला सांगितला. तुम्ही इतक्या लगेच हो म्हणालात... मला वाटलं, तुमच्या मनाची तयारी झाली होती."

लगेच. ताबडतोब. तो शब्द माझा होता. मी टोप काढून हातात धरला.

हेटीनं माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे वळून शांतपणे म्हणाली, "हो. तयारी झाली होती माझी. भेटू का त्याला?"

परतताना मी म्हणालो, "हेटी, ते मी..."

"तू गप. गाल पूस, रंग ओघळलाय."

मागच्या दाराशी सिरिल हुंदके देत होता. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे वेड्या, तू बरोबर निरोप दिलास. मला कळलं होतं. हो मीच म्हणाले."

मग ती वर गेली आणि माझी कंबर आवळायला घेतली. टाचण्या तोंडात धरून. डोळ्यांतून धार लागलेली, हात मात्र स्थिर.

पुढे अठरा वर्षं ती माझे कपडे बघत होती. गावात बोलत, "ब्रेसवेलबाई दगडाच्या काळजाची. दाढ काढायला नेलेला कुत्रा मारून आली, आणि दोन वाजता तालमीला हजर." तिच्या तोंडावरही बोलत. एरवी कुणालाही जमिनीत गाडणारी ही बाई त्यावर एक शब्द उलट बोलली नाही. मीही बोललो नाही. तिच्या अंत्यविधीला माझं भाषण झालं, लोक हसले, लोक रडले, आणि तिथेही मी ते सांगितलं नाही.

आता सिरिलही नाही, एन्टविसलही नाहीत. म्हणून लिहून ठेवतो. हो मी म्हटलं होतं.