कोपरापर्यंतचे हातमोजे

भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरजवळ हायवेला लागून जो वॉटर पार्क होता, त्याच्या कर्मचाऱ्यांच्या दारावर एक चित्र चिकटवलेलं होतं. एक गोरा मुलगा आणि एक गोरी मुलगी, दोघंही दात दाखवत उभे. त्यांच्या केसांपासून बुटांपर्यंत बाण काढलेले आणि बाणापुढे लिहिलेलं: नखं कापलेली, केस बांधलेले, तोंडाला वास नाही, चेहऱ्यावर हसू. रोज सकाळी त्या चित्राखाली आम्ही रांगेत उभे राहायचो आणि मॅनेजरसाहेब एकेकाचे हात उलटे-पालटे करून बघायचे. साहेब कुठल्याशा मोठ्या हॉटेलातून आले होते. बोटाने स्पर्श करायचे नाहीत, पेनाच्या टोकाने आमची बोटं उचलायचे.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती आणि हायवे चौपदरी व्हायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. आमचं मूळ घर आंधळगावचं, विणकरांच्या मोहल्ल्यातलं. हातमाग बंद पडल्यावर बाबांनी शहापूरला कापडाचं लहानसं दुकान टाकलं आणि आम्ही तिथेच राहायला आलो. मी बारावी होऊन घरी बसले होते. पार्कात मला कॉस्च्यूमच्या काउंटरवर काम मिळालं आणि माझ्या मागोमाग आत्यालाही चेंजिंग रूमच्या सफाईचं मिळालं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आलेली, पण भावाच्या घरी बसून खाणं तिला जड जायचं.

साहेबांच्या स्वच्छतेबद्दल आधी चांगलं तेवढं सांगून टाकते. त्यांनी कामावरच्या पोरांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद केला. त्याबद्दल मी त्यांना आजही दुवा देईन, कारण तोवर गेटवरचा पहारेकरी लोकांचं स्वागत लाल थुंकीने करायचा. पण त्याच पहारेकऱ्याच्या खिशात साहेबांना कांदा सापडला, तेव्हा त्यांनी तो पेनाने बाहेर काढायला लावून कचऱ्यात टाकला. मे महिन्यात आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून माणूस खिशात कांदा ठेवतो, हे त्यांना कोणी सांगायला धजलं नाही. पहारेकरी दिवसभर उन्हात हसत उभा राहिला, चित्रातल्यासारखा.

आणि आत काय होतं? बडा घर पोकळ वासा. माझ्या काउंटरमागे एक निळा ड्रम होता. भाड्याने दिलेले नायलॉनचे कॉस्च्यूम परत आले की मी ते त्या ड्रममध्ये बुडवायचे, पिळायचे आणि कुंपणावर टाकायचे. धुणं म्हणतात ते एवढंच. पाणी सकाळी भरलेलं असायचं आणि दुपारपर्यंत त्यावर तेलकट साय यायची, तिच्यात केस तरंगायचे. रविवारी गर्दी असली की कापड वाळायच्या आत पुढच्या माणसाच्या हातात जायचं. ओलं का आहे असं कोणी विचारलं तर ‘ताजं धुतलंय’ असं हसून सांगायचं, हे मला शिकवलेलं होतं. माझी नखं मात्र कापलेली असायची. तिथला कॉस्च्यूम मी स्वतः कधी अंगाला लावला नाही आणि घरच्या कोणाला लावू दिला नाही.

आत्याच्या चेंजिंग रूमबद्दल तर लिहितानाही अंगावर काटा येतो. जाळीत अडकलेले केसांचे गोळे, गटारीत कोंबलेल्या गुटख्याच्या पुड्या, खिडकीच्या झडपेत खुपसून ठेवलेले पोरांचे डायपर. मोटारीतून उतरणारी, अंगाला सेंट लावलेली माणसं हे करून जायची. आत्या ते सगळं उपसायची आणि घरी येऊन त्यातलं एक अक्षर बोलायची नाही. साबणाने हात धुवायची, मग माठातलं पाणी तांब्यात घेऊन आल्यागेल्याला द्यायची. ते काम तिचंच होतं.

हे पाण्याचं सांगायला हवं. आत्याच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. टिपक्यांच्या रांगा, तुळशीवृंदावन, एका हातावर विंचू. ती लहान असताना गोंदणारीण आली होती. काजळी आणि कुठल्याशा पाल्याचा रस लावून सुयांनी तिने हात टोचले, आणि माझ्या आजीने तिचं डोकं मांडीत दाबून धरलं. कारण ज्या हातावर गोंदण नाही त्या हातचं पाणी सासरची म्हातारी माणसं पीत नसत. गोंदण नसलेला हात कोरा, कोरा हात अशुद्ध. आत्या ही गोष्ट सांगताना तेव्हा आपण किती रडलो ते सांगायची आणि मग हात पुढे करून नक्षी दाखवायची. दागिने तिच्याकडे राहिले नव्हते, हे होतं. माझ्या वेळेपर्यंत ती चाल गेली होती, म्हणून माझे हात कोरेच. ती मला चिडवायची, तुह्या हातचं पाणी कोण पिईन वं पोरी.

एका दुपारी नागपूरच्या गाडीतून आलेल्या एका बाईने चेंजिंग रूमबाहेर पाणी मागितलं. कूलर शेजारीच होता. आत्याने हात धुतले, ग्लास विसळला, भरला आणि पुढे केला. बाईने ग्लासकडे न बघता हाताकडे बघितलं आणि मागे सरकली. हाताला काय लागलंय, असं तिने हिंदीत विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता साहेबांना हाक मारली. साहेब धावत आले. त्यांनी आत्याला हात धुवायला लावले. मग पुन्हा धुवायला लावले. मग प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस आणि स्पिरिट आणून, त्या बाईच्या देखत, त्यांनी स्वतः आत्याचं मनगट घासलं. विंचू काही निघाला नाही. कातडी लाल झाली तेव्हा ते थांबले. मी काउंटरवरून बघत होते आणि माझ्या हातात कोणाचा तरी ओला, बुळबुळीत कॉस्च्यूम होता. कोणत्या गोष्टीची जास्त किळस आली, हे मला विचाराल तर कॉस्च्यूमची नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याला रबरी हातमोजे मिळाले. नारिंगी रंगाचे, कोपरापर्यंतचे, कारखान्यात वापरतात तसले. गेस्टसमोर हात उघडे दिसायचे नाहीत, दिसले तर काम गेलं, असं साहेबांनी सांगितलं. त्यांच्या भाषेत येणारा प्रत्येक माणूस गेस्ट होता. हातमोजे घसरू नयेत म्हणून त्यांनी ते बाहीला सेफ्टी पिनेने टाचून घ्यायला लावले.

भंडाऱ्याचा मे ज्याने काढला आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. संध्याकाळी आत्या पिना काढायची आणि हातमोजे उलटे करायची, तेव्हा त्यांतून घाम ओतला जायचा. आतले हात पांढरेफटक, सुरकुतलेले. काही दिवसांत बोटांच्या बेचक्यांतून साल निघू लागली, खाज सुटली, आणि कुजल्यासारखा एक आंबूस वास राहायला लागला. साबणाने जाईना. आत्या राखेने हात घासायची, लिंबू चोळायची, आणि मगच माठाजवळ जायची. एकदा तिने हात माझ्या नाकाजवळ धरला.

‘‘वास येऊन राहिला काय?’’

येत होता. मी नाही म्हणाले. ती पुन्हा राख घ्यायला गेली. मी तिला काम सोड म्हणाले, बाबाही म्हणाले. पण तिचं म्हणणं एकच होतं, मी काही चोरी केली नाही, मी काहून सोडू. खरं म्हणजे आपले हात घाण नाहीत, हे तिला त्याच जागी राहून दाखवायचं होतं.

मग तो रविवार आला. तुमसर-गोंदियाकडून बसेस आल्या होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी लहान मुलांच्या तळ्यात एका पोराने घाण केली. ती पाण्यावर आली आणि आजूबाजूच्या चारदोन आयांनी आपापली पोरं उचलली. बाकीच्यांना कळलंही नाही. अशा वेळी तळं रिकामं करायचं, घासायचं, नवं पाणी भरायचं, असं नियमाच्या पुस्तकात असणारच. साहेबांनी गाण्याचा आवाज वाढवायला लावला. तळं बंद केलं तर बोभाटा होईल, जाळीने काढून टाका, असं ते दबक्या आवाजात म्हणाले. जाळीचा दांडा मोडलेला होता. तेव्हा त्यांनी चेंजिंग रूमकडे बघून आत्याला बोटाने खुणावलं.

आत्या कपड्यांसकट पाण्यात उतरली. वाकली तसे हातमोज्यांत वरून पाणी शिरलं आणि ते भोपळ्यासारखे फुगले. त्या फुगलेल्या बोटांनी काही धरता येईना. ती धरायला जायची आणि ते तुटायचं, विरघळायचं, लांब जायचं. शेजारी एक माणूस आपल्या मुलीला पाणी उडवायला शिकवत होता. तो थोडा बाजूला सरकला आणि तिथे शिकवू लागला. आत्याने एकदा ऑफिसच्या काचेकडे बघितलं. मग पिना काढल्या, हातमोजे उतरवले, आणि उघड्या हातांनी एकेक तुकडा गोळा करून एका हातमोज्यात भरला. काउंटर सोडून मी पळाले, पण मी पोचेपर्यंत ती तळ्याबाहेर आली होती.

आता ते न्यायचं कुठे? कचरा गेस्टच्या समोरून न्यायचा नाही, हाही साहेबांचाच नियम, आणि संडासाकडचा रस्ता खाण्याच्या टेबलांमधून जात होता. गेस्ट नसलेली सगळ्यात जवळची जागा म्हणजे साहेबांचं ऑफिस. आत्या सरळ तिथे गेली. मी तिच्या मागे. तिने तो भरलेला हातमोजा काचेच्या टेबलावर ठेवला. बोटं वर करून तो तिथे पसरला आणि त्यातून पाणी ओघळू लागलं.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. बाहेर, बाहेर, असं म्हणत ते खुर्चीसकट मागे गेले. आत्या म्हणाली, ‘‘गेस्टच्या समोरून नेऊ नका म्हणता साहेब. मंग कुठी नेऊ?’’

त्यांनी टेबलाकडे बघितलं नाही. ते तिच्या कोपरापर्यंतच्या उघड्या, ओल्या, सालपटं निघालेल्या हातांकडे बघत होते. रुमालाआडून ते म्हणाले, ‘‘ग्लव्ज क्यों उतारे?’’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी तेच पुन्हा विचारलं.

‘‘त्याच्यातच हाये न साहेब ते,’’ आत्या म्हणाली.

तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. कारण ड्रेसचा नियम मोडला हे. मी काउंटरच्या किल्ल्यांचा जुडगा तिथेच ठेवला आणि तिच्याबरोबर निघाले. बाहेर पडताना लहान मुलांच्या तळ्यात एक पोरगा बादलीने ब्लीचिंग पावडर टाकत होता आणि पोरं त्या पांढऱ्या ढगात डुबक्या मारत होती. साहेबांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पार्क आता बंद आहे, एवढं हायवेवरून जाताना दिसतं. पण इस्त्रीच्या कपड्यातला कोणी दुसऱ्याची नखं तपासताना दिसला की माझ्या तोंडाला अजून पाणी सुटतं, ओकारीआधी सुटतं तसं.

घरी येऊन आत्या विहिरीवर बसली. राख झाली, साबण झाला, लिंबं झाली. मी पाणी ओतत होते आणि ती घासत होती. पुरे म्हटलं तरी ऐकेना. दिवेलागणीला आंधळगावचे एक म्हातारे पाहुणे आले, आमच्या जुन्या मोहल्ल्यातले, आत्याला लहानपणापासून बघितलेले. ते ओसरीवर टेकले. बाबा सवयीने आत्याला म्हणाले, बाई, पाव्हण्यांले पाणी दे.

आत्या दाराशीच बसली होती. ती उठली नाही. मला म्हणाली, ‘‘तू दे वं. माह्या हातचं नोको.’’

पाहुण्यांना त्यातलं काही कळलं नाही. मी माठातून तांब्या भरला आणि नेऊन दिला. माझ्या कोऱ्या हातचं पाणी ते घटाघटा प्याले आणि पोरीला आशीर्वाद दिला. मी रिकामा तांब्या घेऊन वळले तेव्हा आत्याने आपले दोन्ही हात कोपरापर्यंत पदराखाली घेतले होते.