धनराजच्या गाडीचा उंबरठा

आरमोरीत आमच्या शेजारी धनराजचं वेल्डिंगचं दुकान होतं. अठ्ठ्याण्णव साली त्याने एका झाडीपट्टीच्या नाटक कंपनीची जुनी मेटाडोर विकत घेतली. मुकुट आणि गदा वाहून वाहून तिच्या आतल्या पत्र्याला सोनेरी रंग लागला होता. तिचं त्याला फिरतं घर करायचं होतं, आणि ते बायकोसाठी.

रंभाला मूल नव्हतं. भाच्याच्या बारशाला वहिनीने तिला पाळण्याला हात लावू दिला नाही. "आता भावाच्या घरचा उंबरठा चढत नाई," असं म्हणून ती परत आली, ती पुन्हा गेलीच नाही. तिची आई त्याच भावाकडे, नागभीडजवळच्या गावात. तिने इकडे यावं, तर म्हातारीची रीत आडवी. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मायलेकी दोघीही आपापल्या जागी अडून बसल्या.

धनराजने तोड काढली. आपलं घरच भावाच्या अंगणात नेऊन उभं करायचं, म्हणजे रंभा आपल्याच घरात राहील आणि आईला भेटेल. इतकी चांगली युक्ती मी दुसरी ऐकली नाही. पण सुचलेली युक्ती वेळेवर वापरायचीही असते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पडदे झाले की निघायचं होतं. पडदे झाले, तर घडीचा पलंग हवा झाला. पलंगामुळे स्टोव्हला जागा निघाली, स्टोव्हमुळे धुराला खिडकी आली. मग छतावर पाण्याची टाकी. तिच्या वजनाने मागच्या स्प्रिंगचे पाटे बसले, तेही बदलले. तेवढ्यात पाळण्यातला भाचा शाळेत जायला लागला.

"धनराज, म्हातारी थांबणार हाये का तुयासाठी?" मी चिडून विचारायचो.

"पक्कं काम करून राह्यलो, भाऊ."

मला त्याचा खरंच राग यायचा.  रंभा मात्र गाडी पुसायची.

शेवटी धनराजला वाटलं, घर म्हटलं की उंबरठा पाहिजे. त्याने सागाचा उंबरठा घडवून दारात ठोकला. रंभाने त्यावर हळदकुंकू वाहिलं. सोमवारी निघायचं नक्की झालं.

रविवारी म्हातारी स्वतःच एसटीने आली. हातात गाठोडं, चालताना धाप लागत होती. "तुमच्या गाडीची वाट पाहून थकली, जवाईबापू. म्हटलं, आपणच जावं."

ती घरात येईना. रंभा म्हणाली, "घरात नको येऊ, माय. गाडीत तं बस."

म्हातारीने गाडीत चढायला पाय उचलला, हळदकुंकू पाहिलं आणि पाय मागे घेतला. "हे तं घरच हाये, बाई."

रंभा आत पाण्याचा गिलास घेऊन उभी होती. 

धनराज दुकानात गेला आणि लोखंडी सब्बल घेऊन आला. इतक्या वर्षांत त्या गाडीतून काही काढताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. उंबरठा करकरत उखडला.

"आता गाडीच हाये, आई. चढा."

म्हातारी चढली. पाणी प्यायली, मग भात मागितला. "परवासात सारं चालते," ती म्हणाली.

गाडी नागभीडला कधीच गेली नाही. म्हातारीने तिच्यातच दोन पावसाळे काढले, जागच्या जागी प्रवास करत. धनराज उंबरठा पुन्हा बसवेल असं मला वाटलं होतं. त्याने त्या लाकडाची पायरी केली. सासूला चढायला गाडी जरा उंच पडत होती.