अप्पांची न घेतलेली गिटार

आमचे अप्पा, कृष्णाजी, चिकपेटेत साड्यांचं दुकान चालवता चालवता म्हातारे झाले. घरी मराठी, गल्ल्यावर कन्नड आणि चेहऱ्यावर काहीच नाही. एखादी बाई साडीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवायला लागली, की अप्पा भाव सोडत नसत. स्वतः ठोकात माल घ्यायला गेले, की पसंत पडलेल्या मालाकडेच नाक मुरडून पाहायचे, उठायचे आणि चालू लागायचे. दाराशी पोचेपर्यंत व्यापारी हाक मारायचाच. या ताकाला तूर लागू न देण्याचं आईला भारी कौतुक. मला वैताग यायचा.

कॉलेजात असताना अप्पा गिटार वाजवायचे. तारा नुसत्या खरवडायच्या नाहीत, अंगठ्यानं खर्ज धरायचा आणि बाकीच्या बोटांनी गाण्याची चाल, दोन्ही एकदम. दुकान गळ्यात पडलं आणि ते सुटलं. अलीकडे माझा भाऊ देवव्रत गल्ल्यावर बसायला लागला, तेव्हा अप्पांना पुन्हा वाजवावंसं वाटू लागलं. पण आता बोटं आखडत होती. ती चालताहेत तोवर वाजवून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं.

मी त्यांना इंदिरानगरच्या एका दुकानात घेऊन गेले. तिथला संग्राम निपाणीकडचा, मराठी ऐकून खूश झाला. आधी त्यानं मोठ्या अंगाच्या गिटारी दाखवल्या. त्या कवेत घेताना अप्पांचा खांदा कानाला लागायचा आणि तारा इतक्या जवळजवळ, की एक छेडली तर शेजारचीही बोलायची. मग त्यानं आतून एक आटोपशीर गिटार आणली.

“अण्णा, ही वाजवून बघा. हिची तारांखालची पट्टी रुंद हाय, बोटाला जागा मिळतीय. आत पिकअप हाय. स्वल्प छेडलं तरी ॲम्पमधनं सगळं ऐकू येतंय.”

अप्पांनी डोळे मिटून वाजवली. बोटांत जोर नव्हताच, पण स्पीकरमधून एकेक सूर सुटा, स्वच्छ आला. त्या आखडलेल्या बोटांत इतकं काही शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं.

नंतर त्यांनी डोळे उघडले, किंमत विचारली, तोंड वाकडं केलं, फोन नंबर ठेवला आणि दाराकडे निघाले. कुणी हाक मारली नाही. किंमत ठरलेली असल्याची पाटी समोरच होती. रिक्षात मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. फोन येईल बघ, म्हणाले.

फोन आला नाही. शेवटी न राहवून अप्पा स्वतः गेले, तर गिटार विकली गेली होती. तसली ती एकच होती. मग शहरभर दुकानं पालथी घातली, पण कुठे पट्टी अरुंद, कुठे अंग अवजड. अप्पा जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवत बसायचे. मला राग यायचा आणि दयाही यायची.

अशात अचानक संग्रामचा फोन आला. ती गिटार घेतलेली अक्षरा नावाची मुलगी नोकरीसाठी परदेशी निघाली होती. तिला किमतीचं काही नव्हतं, गिटार मनापासून आवडेल अशा माणसाच्या हाती पडावी, एवढंच होतं. अप्पा नवा शर्ट घालून बसनं इलेक्ट्रॉनिक सिटीला गेले.

रिकाम्या हातांनी परत आले. स्वयंपाकघरात पाणी पीत हळूहळू सांगायला लागले. तिथे खूप वेळ वाजवली. मुलगी जमिनीवर मांडी घालून ऐकत बसली होती. मग तिनं विचारलं, अंकल, आवडली का?

“तोंडातून गेलं, बरी आहे. चेहराही तसाच झाला असेल माझा.”

तिनं जरा वाट पाहिली. मग म्हणाली, संध्याकाळी आणखी एक जण येणार आहेत, ते या गिटारीसाठी वेडे झालेत, त्यांना देते. अप्पा सरी, म्हणजे ठीक आहे, म्हणाले आणि उठले.

“तिथे घासाघीस करायचीच नव्हती, अप्पा.”

“ठाऊक होतं गं. ओठावर आलं होतं.” त्यांनी पेला ओट्यावर ठेवला. “मला ती फार आवडली होती.”

एखादी गोष्ट आवडली असं अप्पा म्हणताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मी संग्रामकडून नंबर घेऊन त्या मुलीला फोन लावला. अप्पांच्या मनातलं ऐकून तिला खरंच वाईट वाटलं. गिटार घेऊन ते गृहस्थ नुकतेच खाली उतरले होते.