मावशींचा लाल दोरा

गणित, विज्ञान, इंग्रजी, सगळ्यांत पास होऊन फक्त मराठीत नापास झालेली मराठी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तीही एकदा नाही, दोनदा नापास. यावलकडच्या मावशी सिल्वासाला सुताच्या कारखान्यात चेकिंगला होत्या. वय बेचाळीस. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांना मी रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात मराठी शिकवायची. तिथे त्या येऊन सरळ पहिल्या बाकावर बसल्या. बाकीची पोरं अठरा-एकोणीसची. त्यांनी पहिल्याच दिवशी त्यांना मावशी करून टाकलं, मग मीही तेच म्हणू लागले.

"गणितात पास आणि मराठीत नापास? हे जमलं कसं तुम्हाला?" मी विचारलं.

"गणितात कोनी मले विचारत नाही ना बाई, की तुमाले काय वाटते म्हनून," मावशी म्हणाल्या. "मराठीत विचारतात. मंग मी सांगते."

आणि त्या खरंच सांगायच्या. कारखान्यात त्यांचं काम म्हणजे सुताचा कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, दिव्याखाली फिरवून बघायचा, डाग किंवा तुटका धागा दिसला की त्याला लाल दोरा बांधून बाजूला ठेवायचा. बारा वर्षं उभ्याने हेच काम केलेलं, त्यामुळे पुस्तकही त्या तसंच तपासायच्या. कवितेतली ओळ पटली नाही की पानाच्या कडेला बारीक भोक पाडून लाल दोरा बांधायचा. दिवाळीपर्यंत त्यांचं पाठ्यपुस्तक वटपौर्णिमेनंतरच्या वडासारखं दिसायला लागलं होतं. पोरं हसायची. मला राग यायचा, आणि रविवारची वाटही मी त्यांच्यासाठीच बघायची.

नदीला माउली म्हणणारी एक कविता होती. नदी देत राहते, मागत नाही, असा तिचा भाव. मी डोळे मिटून, सूर लावून शिकवत होते. डोळे उघडले तर मावशी दोरा ओवत होत्या.

"आता काय झालं?"

"मी अथाल गावाले राहते, बाई. चाळीतून दमनगंगा रोज दिसते. कशी मागत नाही? पावसाळ्यात येते न् घेऊनच जाते. आन समजा नाही मागत, तर आपन द्यायचंच नाही का काही तिले?"

"मावशी, प्रश्न कवीला काय म्हणायचंय हा आहे."

"कवीले म्हनायचं ते त्यानं म्हटलं की! आता मी काय म्हनते ते ऐका."

पण गंमत एवढ्यावर थांबणारी नव्हती. मावशींना सुपरवायझरची जागा मिळणार होती, अट एकच, दहावी पास. मॅनेजरने सांगून टाकलं होतं की या वर्षी कागद आणा, नाहीतर दुसऱ्याला घेऊ. मावशींचे गुडघे पार गेले होते. बाकावरून उठताना त्या आधी दोन्ही हात टेकायच्या. "सुपरवायझरले खुर्ची असते, बाई," एवढंच त्या म्हणायच्या, पण 'खुर्ची' हा शब्द त्या देवाचं नाव घ्यावं तसा म्हणायच्या.

जानेवारीत ती कविता आली. शहरातला कवी गावाच्या आठवणीने व्याकूळ होतो, ती. चार इयत्ता शिकलेल्या कुणालाही ती निम्मी तरी पाठ असते. परीक्षेत ती येणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मी घरून रसग्रहण लिहून आणायला सांगितलं. मावशींनी उभं राहून वाचलं.

"मालक वारले तेव्हा मी दोन पोरी घेऊन गाव सोडलं. बसच्या खिडकीतून मागे पाहिलं. कोणी थांब म्हटलं नाही. कवीला त्याचं गाव बोलावते. मला माझं बोलावत नाही. म्हणून ही कविता मला खोटी वाटत नाही, पण माझीही वाटत नाही."

वर्गात कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा धुळ्याचा मुलगा खाली मान घालून बसला होता.

आणि मी काय केलं? त्यांच्या वहीत लाल शाईने लिहिलं, 'कवीचा आशय सांगा. स्वतःचे सांगू नका.' पुढच्या रविवारी माझ्या वळणदार अक्षरात एक आदर्श उत्तर लिहून त्यांच्या हातात ठेवलं. त्याचं शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं: 'ही कविता वाचताना मलाही माझ्या गावाची ओढ लागते.'

मावशींनी ते दोनदा वाचलं. "हे तुमचं खरं आहे का, बाई?"

"परीक्षेत खरं-खोटं नसतं, मावशी. गुण असतात."

"तुमी तर कोकनातल्या. मंग कधी जानार परत?"

"बघू. रिटायर झाल्यावर," मी म्हटलं आणि फळा पुसायला वळले.

मावशींनी ते उत्तर मशिनच्या आवाजात, कोन फिरवता फिरवता पाठ केलं. कविता आली, प्रश्न आला, मावशी पास झाल्या. निकालाच्या आठवड्यात पेढे घेऊन आल्या. किलवणीच्या नव्या युनिटमध्ये त्यांना जागा मिळाली होती.

"खुर्ची आहे?"

"आहे. फिरते बी!" मावशी हसल्या. त्यांना असं हसताना मी प्रथमच बघत होते.

पुढच्या मुलांसाठी म्हणून त्यांनी पुस्तक परत केलं. उघडून पाहिलं तर सगळे दोरे काढलेले. नुसती भोकं राहिली होती. मधे घडी घातलेला एक कागद होता, माझं आदर्श उत्तर. त्याच्या शेवटच्या वाक्याशी लाल दोरा बांधला होता, घट्ट, दोन गाठींचा.

मी वर पाहिलं. मावशी रागावलेल्या नव्हत्या. दिवसाचा माल सांगावा तशा म्हणाल्या, "हा कोन पास झाला, बाई. पन सूत माझं नव्हतं." मग टेबलाला हात टेकून उठल्या आणि शिफ्टची गाडी गाठायला गेल्या. नंतर आमची भेट नाही.

तेव्हापासून मी रविवारच्या वर्गात दोन उत्तरं लिहून घेते. एक परीक्षेसाठी, एक आपलं. या वर्षी गावाची कविता शिकवून झाली आणि रांध्याहून येणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचं दुसरं उत्तर कुठंय?"

मी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन मात्र कागद घेतला. मग एक वाक्य लिहिलं: 'मी गाव सोडलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं.'

ड्रॉवरमध्ये जपलेल्या त्या आदर्श उत्तराचा दोरा सोडवून, वाक्य खोटं वाटलं तर बांधायला म्हणून, मी हातात तयार ठेवला होता. वाक्य पुन्हा वाचलं, आणि दोरा परत ड्रॉवरमध्ये टाकला.