थॉर्नविकांचा दत्तक मुलगा

"सू, ही नोंद तू बघितली होतीस का?"

कॅरलनं लंडनहून आलेलं पत्र माझ्यासमोर धरलं. सोबत एक फोटोकॉपी होती आणि तिच्यातल्या एका ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ. कॅरल माझी बॉस. मी ती ओळ लगेच ओळखली.

ऐंशीच्या दशकात मी ह्यूस्टनमधल्या एका छोट्या ऑफिसात जीनिऑलॉजिस्ट होते. जुन्या कागदपत्रांतून लोकांची वंशावळ शोधून काढायची, हे आमचं काम. नोकरी मिळाली ती सासऱ्यांच्या पुण्याईनं. त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढला, तेव्हा गावोगावी पोस्टकार्डं पाठवून माहिती जमवायचं काम माझ्याकडे होतं. इंटरव्ह्यूला मी तो जाडजूड ग्रंथ घेऊन गेले आणि कॅरल खूश झाली. वंशावळीतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझाही समज झाला.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड गावचे मिस्टर थॉर्नविक आमच्याकडे आले तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते. उभा जन्म साखरेच्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून गेलेला. आपलं घराणं इंग्लंडमधलं मोठं आहे, एवढं त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं. ते खरं निघालं. सतराव्या शतकात थॉर्नविकांच्या पूर्वजानं राजाला अडचणीत मदत केली आणि त्याला बॅरोनेट केलं गेलं. बॅरोनेट म्हणजे लॉर्डच्या खालची पायरी. नावाआधी 'सर' लागतं आणि ते वंशपरंपरेनं चालतं. पुढे एका थॉर्नविकानं लॉर्डकीही मिळवली, पण त्याला मुलगा नव्हता, त्यामुळे ती त्याच्याबरोबरच संपली. बॅरोनेटपद मात्र कधी भावाकडे, कधी पुतण्याकडे जात टिकून राहिलं. शेवटचा बॅरोनेट निपुत्रिक वारला. आता सगळ्यांत जवळची शाखा उरली होती ती टेक्ससला आलेल्या, घराण्यातल्या एका धाकट्या मुलाची. तो मिस्टर थॉर्नविकांचा आजोबा.

म्हणजे आमचा मेकॅनिकच सर होणार! मी हरखून गेले. आजोबा, वडील, मुलगा अशी साखळी कागदावर सिद्ध करायची, एवढंच बाकी होतं. जुन्या जनगणनेची मायक्रोफिल्म लायब्ररीत मिळाली. त्यात आजोबांच्या कुटुंबात वडिलांचं नाव होतं, वय वर्षं पाच, आणि नात्याच्या रकान्यात 'दत्तक मुलगा'.

मी ते स्वच्छ वाचलं. क्षणभरही थांबले नाही. दत्तक म्हणजे मुलगाच की! आपल्याकडे दत्तक गेलेल्याचं गोत्र बदलतं, नाव बदलतं, तोच नव्या आईवडिलांचं श्राद्ध घालतो. माझे आजेसासरे स्वतः दत्तक आलेले होते, आणि त्यांच्या नावानंच आमचं घर ओळखलं जायचं. मी तक्त्यात 'मुलगा' असं लिहिलं आणि पुढच्या पिढीकडे वळले. पदवीच्या मूळ सनदेत 'औरस पुरुष वंशज' अशी अट होती. तीही मी वाचली होती. कुणाला विचारावं असं वाटलं नाही, कारण विचारणं म्हणजे मला येत नाही असं कबूल करणं.

रिपोर्ट लंडनला, पदव्यांचे दावे तपासणाऱ्या कचेरीत गेला. मिस्टर थॉर्नविकांना धीर निघेना. चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, ठेवलं. लोक त्यांना 'सर' म्हणून चिडवत होते आणि ते लाजून लाल होत होते. त्यांनी मला पुढे बोलावलं, "हिनं माझ्या डॅडींना त्यांची जागा मिळवून दिली," म्हणाले. मी साडी नेसून गेले होते. टाळ्या मी पुरेपूर घेतल्या.

आणि आता हे पत्र. इंग्रजी पदवी रक्ताच्या, औरस मुलाकडेच जाते. दत्तक मुलाला ती मिळत नाही. दावा फेटाळला होता.

"बघितली होतीस का?" कॅरलनं पुन्हा विचारलं.

"फिल्म खूप धूसर होती," मी म्हणाले. "तो शब्द वाचताच येत नव्हता."

खोटं बोलायला मला एक सेकंदही लागला नाही. कॅरलनं विश्वास ठेवला आणि जनगणनेतली एक नोंद धूसर फिल्ममुळे वाचता आली नाही, म्हणून दावा फेटाळला गेला, एवढंच मिस्टर थॉर्नविकांना पत्रानं कळवलं.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "अगं, इंग्रज दत्तक मानत नाहीत हे आपण शाळेत घोकलं ना यार! सातारा, नागपूर, झाशी! त्याच कारणानं तर खालसा केली त्यांनी!" परीक्षेत या उत्तराला मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याभरानं मिस्टर थॉर्नविक ऑफिसात आले. टोपी काढून समोर बसले. खिशातून घडी घातलेली फोटोकॉपी काढून त्यांनी माझ्या टेबलावर पसरली. ते स्वतः लायब्ररीत जाऊन, मशीन चालवायला शिकून, तीच फिल्म बघून आले होते.

"माझे डोळे अधू आहेत, मॅडम," ते म्हणाले. "पण मला हे वाचता आलं."

कॅरल तिच्या टेबलावरून बघत होती. माझी मान वर होईना.

"मी वाचलं होतं," मी म्हणाले. "आमच्याकडे दत्तक मुलात आणि पोटच्या मुलात फरक करत नाहीत. म्हणून मी लिहिलं नाही. आणि मग मी खोटं बोलले. आय ॲम सॉरी."

"सर झालो नाही त्याचं काही नाही. चर्चमधले हसतील चार दिवस." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "डॅडी दत्तक होते हे मला माहीत नव्हतं. तुम्ही महिनाभर माझ्यासमोर बसत होता. तुमच्याकडून ऐकायला मला आवडलं असतं. मला ते एकट्यानं, लायब्ररीतल्या मशीनसमोर कळलं."

टोपी घालून ते निघून गेले.

कॅरलनं मला काढलं नाही, पण पुढचं वर्षभर माझ्या प्रत्येक तक्त्यावर दुसऱ्याची सही लागायची. ते योग्यच होतं. त्यानंतर नव्या माणसांना शिकवताना मी एवढंच सांगत आले: रकान्यात जे लिहिलंय तेच उतरवा आणि ते क्लायंटला समोर बसवून सांगा. ते वडील त्याचे असतात, आपले नाहीत.